बिनवासाचं लिक्विड

हिंजवडीच्या एका कंपनीतले संडास सत्यशीला चौदा वर्षं अ‍ॅसिडने घासत होती. सुरुवातीला नाक असं झोंबायचं की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. पुढे सवय झाली.

यंदा साहेबलोकांना पर्यावरणाचा पुळका आला. सफाईचा माल पुरवणाऱ्या सलिलने भर मीटिंगमध्ये हिरव्या लिक्विडची बाटली उघडली आणि थेट तिच्या नाकाखाली धरली. "मावशी, रोज तुम्हीच वापरणार, तेव्हा तुम्हीच सांगा. उग्र वास येतोय का?"

सत्यशीलाने दोनदा नीट हुंगून पाहिलं. "नाही हो साहेब. उग्र सोडाच, कसलाच वास नाही."

टाळ्या वाजल्या, ऑर्डर तिथल्या तिथे पक्की झाली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं मत विचारलं होतं.

त्याच खुशीत संध्याकाळी वारज्याच्या खोलीवर आल्या आल्या तिने शेगडीवर चहाचं भांडं ठेवलं आणि काडेपेटीतून काडी काढली. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी धाडधाड दार वाजवलं.



"अगं सत्यशीला, काडी ओढू नकोस! अख्ख्या गल्लीत गॅसचा वास सुटलाय, आणि तू आत उभी कशी?"