पाचव्या रेकॉर्डवरचा आवाज

चौथं गाणं संपलं, तरी कॉलिनचा चेहरा हलला नाही. कादंबरीने फोनवरचा आवाज कमी केला.

टूवूंबा शहरातल्या हॉस्पिटलात ती स्पीच थेरपिस्ट होती. कॉलिन सत्तरीचा. सहा आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला आणि त्याची वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. असे पेशंट बोलू शकले नाहीत तरी कधी कधी गाऊ शकतात, हे कादंबरीला ठाऊक होतं. म्हणून तिने त्याच्या मुलीला, हेझलला, विचारलं होतं, "त्याला कुठली गाणी आवडतात?"

"गाणी? आमच्या घरात साधा रेडिओ नव्हता," हेझल म्हणाली. "ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि गप्प बसायचा. माझ्याशीसुद्धा कधी धड बोलला नाही." मग आठवून म्हणाली, "हां, इंग्लंडमध्ये असताना त्याची एक रेकॉर्ड कंपनी होती म्हणे. माझ्या जन्माच्या सुमारास बंद केली. विषय काढला की उठून जायचा."

कादंबरीला राहवेना. घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला कामाला लावलं. यतिनने अर्ध्या तासात शोधून काढलं.

"अगं, हे बघ! बॅक किचन रेकॉर्ड्स, शेफिल्ड. खरंच मागच्या स्वयंपाकघरात चालायची. दीड वर्ष, पाच रेकॉर्ड्स, आणि ब्याऐंशीच्या मार्चमध्ये एकदम बंद. का, ते कुणालाच माहीत नाही."

"गाणी मिळतील?"

"पाचही आहेत. चारांवर बँडची नावं आहेत. पाचवीवर गायकाचं नावच नाही. लोक अजून वाद घालतायत, कोण असेल म्हणून."

आता तेवढं पाचवंच उरलं होतं. हेझल खिडकीशी उभी राहून नर्सिंग होमचे फॉर्म भरत होती. त्याच दुपारी द्यायचे होते.

"राहू दे, कादंबरी," ती म्हणाली. "तू खूप केलंस."

"एकच राहिलंय."

गिटार वाजू लागली. मग एक कोवळा, जरासा बेसूर आवाज. कॉलिनचा डावा हात चादरीवर ठेका धरू लागला. ओठ हलले. आधी नुसता घोगरा सूर आला, मग एक शब्द, मग अख्खी ओळ. फोनमधला आवाज विशीतला, पलंगावरचा सत्तरीतला. पण दोघे श्वास घेत होते एकाच जागी आणि घसरतही होते एकाच जागी.

हेझल गर्रकन वळली. "हा... हा डॅडचा आवाज आहे?"

दोन कडवी झाली. रेकॉर्ड संपली. कॉलिन मात्र थांबला नाही. त्याने तिसरं कडवं धरलं. ते रेकॉर्डवर नव्हतंच.

दुसऱ्या ओळीपासून हेझलही त्याच्याबरोबर गाऊ लागली. गाता गाता पलंगाच्या कडेवर बसली.

"तुला येतं हे?" कादंबरीने हळूच विचारलं.

"आई मला झोपवताना एवढं एकच कडवं म्हणायची," हेझल बापाकडे बघत म्हणाली. "यात माझं नाव तिनेच घातलंय, असं समजत होते मी आजवर."