पांढऱ्या पायाचा

पहिला गोल झाला तेव्हा शिंपी स्टेडियमच्या बाहेर, पूर्वेकडच्या स्टँडच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. आत एकच जल्लोष उठला, तसा तोही टुणकन उडाला, मुठी आवळून ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की आज आपल्याला हे परवडणारं नाही.

त्याचं असं होतं, की या मोसमात गावचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर तीनदा हरला आणि तिन्ही वेळा शिंपी स्टँडमध्ये होता. मधे एकदा तो तापानं फणफणून घरी पडला, तर संघ जिंकला! झालं. कप्तानानं जाहीर करून टाकलं, शिंपी पांढऱ्या पायाचा आहे. कप्तान म्हणजे त्या स्टँडचा म्होरक्या. उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा, त्यामुळे त्याचंच सगळे ऐकायचे.

"अरे, पण गोलकीपर मी आहे का?" शिंप्यानं विचारून पाहिलं होतं. कोण ऐकतंय! शेवटी ठरलं ते असं: आज शिंप्यानं बाहेर थांबायचं. संघ हरला किंवा बरोबरी झाली, तर शिंप्यावरचा आळ गेला, पुढच्या सामन्याला त्यानं खुशाल आपल्या जागेवर येऊन बसावं. जिंकला, तर मात्र कायमचं बाहेर. आत फडकत होता तो भलामोठा झेंडा शिंप्यानंच शिवलेला, तोही फुकट. झेंड्यावर कुणाची हरकत नव्हती.

दुसरा गोल झाला. या खेपेला शिंपी उडाला नाही. डोळे मिटून त्यानं देवाला हात जोडले आणि आपल्या गोलकीपरच्या हातून दोनदा तरी चेंडू सुटू दे, असं मागणं मागितलं. लहानपणापासून ज्या संघासाठी घसा फोडला, त्याचंच वाईट चिंतलं. त्याची त्यालाच शरम वाटली. मागणं मात्र त्यानं मागे घेतलं नाही.

"पेनल्टी!" सायकल स्टँडवरचा म्हातारा ओरडला. त्याच्या कानाला रेडिओ होता. "पाहुण्यांना मिळाली रे!"

शिंप्यानं भिंतीला कान लावला. आत सगळं चिडीचूप. आणि मग भिंत हादरेल असा गलका.

"अडवला! पठ्ठ्यानं अडवला!" म्हातारा नाचायला लागला. शिंप्याचं मागणं फुकट गेलं, पण हात टाळ्या वाजवत होते. त्या हातांना कोण सांगणार?

तिसरा गोल झाला आणि शिंप्याला पहिल्यांदा वाटलं, कप्तान म्हणतो ते खरं तर नसेल? तिथून पुढे खेळ जरा थंडावला. शिंपी भिंतीकडे बघत राहिला. मग, बघू तरी, म्हणून तो भिंतीपासून निघून रस्त्यापलीकडे गेला. चौथा गोल! तो झपाझप चालत औषधाच्या दुकानाच्याही पुढे, पार कोपऱ्यापर्यंत गेला. तिथे त्याला पाचवा ऐकू आला.

खोटं कशाला बोला, शिंप्याला आनंद झाला. कित्येक वर्षांत संघानं कुणाला असं लोळवलं नव्हतं आणि त्यात थोडा हात आपलाही आहे, या विचारानं त्याचा ऊर भरून आला. समोरच्या दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हा मात्र त्यानं मान फिरवली.

सामना सुटला. कप्तानानं धावत येऊन त्याला खांद्यावर उचललं. "हा बघा आजचा हिरो! पाच-शून्य! सगळी याची कृपा!"

"कप्तान, पुढच्या मॅचला मी..."

"पुढच्या मॅचला तू गावातच राहू नकोस, राजा! दहा होतील!"

सगळे खदाखदा हसले. वरून पडू नये म्हणून कप्तानाचं डोकं धरून शिंपीही हसला. खाली उतरवताना कप्तान म्हणाला, "आणि झेंड्याचा एक कोपरा उसवलाय, तेवढा शिवून ठेव. न्यायला पोरं पाठवतो. तू नको आणूस."

शिंपी घरी पोचायच्या आधीच बातमी गल्लीत पोचली होती. बायको पाण्याचा तांब्या पुढे ठेवून आत गेली. लेक उद्याच्या मुलाखतीसाठी कपड्यांना इस्त्री करत होती. याआधी दोन ठिकाणी तिला नकार आला होता. दोन्ही वेळा शिंपी तिला तिथल्या दारापर्यंत सोडायला गेला होता.

पाणी पिऊन झाल्यावर तो हसत हसत म्हणाला, "मी काय म्हणतो, उद्या मी पहाटेच दुकानात जाऊन बसतो. निघताना तुला माझं तोंड दिसायला नको." आणि तिच्याकडे बघत राहिला.

"काहीतरीच काय, बाबा!" लेक इस्त्री ठेवून उठली. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "असलं वेड्यासारखं बोलायचं नाही हं. लोकांना काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची."

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ती पुन्हा कपड्यांकडे वळली, बाहीवरची एक सुरकुती तिनं नीट काढली.

"पण बाबा, पहाटे म्हणजे किती वाजता?" तिनं वर न बघता विचारलं. "मी पाचला उठते."