हजार मैलांची सर्व्हिसिंग

लोहाऱ्यात निरोप आला तेव्हा ईरण्णा खळ्यावर होते. ज्वारीची मळणी चालली होती. जावयाच्या गावाहून, बेंबळीहून, सायकलवर आलेला माणूस बांधावरच थांबला आणि तिथूनच बोलला. तुळजापूरच्या घाटात मोटार उलटली होती. जावई पंचाक्षरी वाचला होता, त्याचा हात मोडला होता. रुद्रम्मा गेली होती.

ईरण्णांना ती एकच लेक. त्यांनी पातीचे बैल सोडले, दावणीला बांधले, पुढ्यात कडबा टाकला आणि मग खाली बसले.

निजामाच्या राज्यातलं फसली १३४९ साल होतं. तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली होती. मोटारी मिळेनाशा होतील म्हणून पंचाक्षरीनं घाईनं सोलापूरच्या एजन्सीतून ही मोटार घेतली होती. बेंबळीत ती पहिलीच. एजन्सीचा मिस्त्री कोंडीराम यानं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. पाचशे मैलांना पहिली सर्व्हिसिंग, हजार मैलांना दुसरी. मजुरी एजन्सीची, तेलाचे पैसे मालकाचे. तेही कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांत, कारण निजामाचा हाली रुपया एजन्सी घेत नव्हती.

पहिल्या सर्व्हिसिंगला कोंडीरामनं इंजिनाचं तेल बदललं, बोल्ट आवळले, ब्रेक जुळवले. त्यानंतर ब्रेक दाबला की चाकं करकरायची. कोंडीराम म्हणाला होता, ब्रेकचे पट्टे नवे आहेत, घासून बसतील. नाही बसले तर पुढच्या खेपेला बघू, तोवर कुणी हात लावू नका. पंचाक्षरी घरी येऊन कुरकुरला. फुकट म्हणून सांगतात आणि सात रुपये कलदार घेतात, आता या आवाजाचेही लावतील. जेवताना रुद्रम्मासमोर तो हे दोन-तीनदा बोलला.

दुसऱ्या सर्व्हिसिंगलाच तो निघाला होता. रुद्रम्मानं सोलापूर पाहिलेलं नव्हतं, म्हणून तीही बसली. तुळजापुरात ब्रेक दाबला तेव्हा गाडी दोन हात पुढं जाऊन थांबली. त्यानं मनावर घेतलं नाही. पुढं घाट होता.

माती झाली. ईरण्णा पाच दिवस एकच वाक्य बोलत राहिले. मिस्त्रीनं ब्रेक बिघडवला आणि माझी लेक मारली. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते पटलं. पंचाक्षरी गळ्यात हात बांधून भिंतीला टेकून बसायचा. तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. दुःखानं वाचा गेली असं लोक समजले.

सहाव्या दिवशी सासरा-जावई सोलापूरला गेले. मोडलेली मोटार बैलांनी ओढून तामलवाडीच्या नाक्यापर्यंत आणली होती, तिथून ती एजन्सीत आली होती. एजन्सीच्या मालकानं कोंडीरामला कामावरून बंद केलं होतं. चूक त्याची निघाली तर पोलिसात देतो, असं तो ईरण्णांना म्हणाला. कोंडीराम तीन लेकींचा बाप होता. तो दारात उभा होता. सगळ्यांदेखत एक चाक उघडू द्या, एवढंच त्यानं मागितलं.

चाक निघालं. आत काळा चिकट राडा होता. कोंडीरामनं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तिथंही तेच. त्यानं बोट बुडवून ईरण्णांपुढं धरलं. ईरण्णांना वास घ्यावा लागला नाही. त्यांच्या चार बैलगाड्या बाजार करायच्या. करडीच्या तेलात कडब्याची राख कालवलेलं ते बैलगाडीचं वंगण होतं.

"गाडीच्या आसाला हे लागतं, मालक," कोंडीराम हळू म्हणाला. "मोटारीचं चाक आतून कोरडं असलं तरच थांबतं. हे माझ्या हातचं न्हाय."

ईरण्णा जावयाकडं वळले.

"कुणी घातलं?"

"म्या," पंचाक्षरी म्हणाला.

ईरण्णांनी हात उगारला. मग त्याच्या गळ्यातली झोळी दिसली आणि तो हात खाली आला.

"बैलं हाकायची अक्कल न्हाय तुला," ते म्हणाले, "आन् माझी लेक घेऊन मोटारीत बसलास."

कोंडीरामला त्याच दिवशी हत्यारांची पेटी परत मिळाली. ईरण्णा एकटेच लोहाऱ्याला गेले. त्यानंतर त्यांनी बेंबळीचा उंबरा ओलांडला नाही. पाडव्याला पंचाक्षरीनं धोतर पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. चारचौघांत विषय निघाला की ते त्याला नाव घेऊन शिव्या देतात. गावही देतं.

याला दोन वर्षं झाली.

त्या दिवशी घाटाच्या तोंडाशी रुद्रम्मा हसत म्हणाली होती, "ऐकलं का? आज चाक वरडत न्हाय. पहाटं म्या वंगण घातलं. मिस्त्रीचं पैसं वाचलं तुमचं." पंचाक्षरीचा पाय तेव्हा ब्रेकवर होता. राख कालवायची कशी, काडीला चिंधी गुंडाळून ते चाकात सारायचं कसं, हे तिला लहानपणी ईरण्णांनीच शिकवलं होतं. घरात मुलगा नव्हता, आणि त्यांना तिच्या हाताचं कौतुक होतं. पंचाक्षरीनं हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.