वीस पावलं मागं

इकडं सरकून बसा. घर बघायची एक गोष्ट सांगतो. छोटी आहे, पण मध्येच उठायचं नाही.

नव्या शहरात खोली बघायला तिघं आली होती. नवरा, बायको आणि नवऱ्याचा म्हातारा बाप. म्हातारा जन्मभर सुतार. हात अजून शाबूत, डोकं मात्र गेलेलं. दार उघडं दिसलं की चालायला लागायचा आणि परत कुठं यायचं तेच विसरायचा.

नवरा एजंटाबरोबर वर नळ सोडून बघत होता. सुनेनं खालचं दार उघडलं.

"बाबा, या जरा फिरून."

म्हातारा निघाला. चपला उलट्या पायांत. सून वीस पावलं मागं.

सकाळी दुसऱ्या वस्तीतही तिनं हेच केलं होतं. चकाचक रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, गेटवर वॉचमन. त्यानं म्हाताऱ्याला सलाम ठोकला आणि गेट उघडून दिलं! एवढी माणसं बाजूनं गेली, एकानं थांबून विचारलं नाही. हमरस्त्यावर ट्रकच्या तोंडाशी तिनं सासऱ्याची कॉलर धरली. नवऱ्याला यातलं काही बोलली नव्हती.

ही गल्ली अरुंद. टोकाला मोठा रस्ता, हॉर्न इथपर्यंत ऐकू येत होते. म्हातारा एकेक दार चाचपत चालला होता. सायकल दुरुस्त करणाऱ्यानं मान वर केली, परत खाली घातली. एक गेला, ती मनात म्हणाली. फोनवर बोलत एक बाई आली, वळसा घालून पुढं गेली. दोन.

तेवढ्यात पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत गल्लीत घुसला. ती भिंतीला चिकटली. टँकर सरकला तेव्हा समोर म्हातारा नव्हता.

मागून नवरा धावत आला. "बाबा कुठंयत?"

"मी सोडलं होतं."

"सोडलं? बाप आहे माझा, दावं सोडायला म्हैस नाही!"

"तुम्ही दिवसभर कामावर, मी दिवसभर कामावर. एक ना एक दिवस दार उघडं राहणारच." तिचा आवाज फाटला. "त्या दिवशी काय होईल ते मला आजच बघायचं होतं."

नवऱ्यानं हात उगारला की काय कोण जाणे, पण मध्येच थांबला. कुठूनतरी आवाज येत होता. कर्र. कर्र. लोखंडी गेट कुणीतरी उघडत होतं, लावत होतं.

"ओ आजोबा! गेट काय खेळणं आहे का?" बाईमाणसाचा आवाज, अख्ख्या गल्लीला पुरेल असा.

"बिजागरी ढिली झालीय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तेल पण नाही."

"ते मला माहितीये हो! चार महिने आमचे हे आज करतो, उद्या करतो म्हणतायत. पण तुम्ही कोण? कुणाकडचे?"

म्हातारा परत गेट ढकलून बघू लागला.

"बोला की! अगं ए, हे आजोबा तुमच्याकडचे का गं?"

तीन खिडक्या उघडल्या. नवरा-बायको गेटपाशी पोचली, तोवर मागून तो सायकलवालाही आला, हातात तेलाची बुधली. "चपला उलट्या दिसल्या मघाशी," तो म्हणाला. "चाक बसवलं आणि तसाच आलो."

बाई खाली वाकून म्हाताऱ्याच्या चपला सरळ करत होती. सुनेला बघून तशीच उठली.

"तुमचे का हे? असं मोकळं सोडतात म्हाताऱ्या माणसाला? पुढं बसचा रस्ता आहे! काही जनाची नाही, मनाची तरी?"

सून ऐकत राहिली. सगळं, शेवटपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं पदरही लावला नाही.

एजंट धापा टाकत आला. हळूच म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका. मागच्या बाजूला शांत वस्ती आहे. तिथं कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. चला, दाखवतो."

तिनं हात पुढं केला.

"इथलीच चावी द्या."

झाली गोष्ट. आता उठा, पण माझं एवढं एक काम करा. तुमच्या गल्लीत कुणी उलट्या चपलांचा म्हातारा दिसला, तर कुठं निघालात म्हणून विचारा. बोलला नाही, तर ओरडून विचारा.