पटत नसेल तर दाराशी

घराघरांवर पाळत ठेवणाऱ्या सरकारवरची कादंबरी शिकवण्याआधी राळेगावच्या रजनी मॅडमनी अकरावीच्या फळ्यावर एक वाक्य लिहिलं : 'घरच्यांनी मुलीचा मोबाईल तपासायला हरकत नाही.' पटत असेल त्यांनी खिडकीपाशी जायचं, नसेल त्यांनी दाराशी.

"मोकळं बोला. इथलं बाहेर जाणार नाही."

दाराशी एकटी ममता गेली. "मॅडम, माह्या मोबाईलमध्ये एका मित्राचे मेसेज आहेत. ते माहे आहेत, घरच्यायचे नाही."

वर्ग हसला. संध्याकाळपर्यंत ते तिच्या घरी पोचलं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील टीसी न्यायला आले. व्हरांड्यात उभ्या ममताजवळ जाऊन मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

"तुमी कायले वाईट वाटून घेता, मॅडम? माहं मत मले पयल्यांदाच कोनी इचारलं होतं."