राखून न ठेवलेला पत्ता

इंटरनेटवर ज्या नंबरावर रोज दादाचं पान उघडायचं, तिथे आज सकाळी कुणीतरी खिडक्यांचे पडदे विकायला ठेवले होते.

चिंगीने नंबर पुन्हा टाइप केला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. पुन्हा पडदेच.

"बाबा, दादाचं पान गेलं!"

बाबा चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली. "गेलं म्हणजे?"

तीन वर्षांपूर्वी बापलेकांचं वाजलं होतं. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं बाबा म्हणाले आणि पोरगा बापाच्या वरताण हट्टी निघाला. जाताना त्याने बहिणीच्या हातात नंबराची चिठ्ठी तेवढी ठेवली. "फोन करणार नाही. पण इथे माझं पान असेल. रोजची तारीख मी हाताने बदलेन. आजची दिसली की समज, मी आहे."

सुरुवातीला पानावर चेष्टाही असायची. 'मी ठीक आहे. चिंगे, तू किती जाड झालीस?' पुढे कामाचा व्याप वाढला असावा. गेलं दीडएक वर्ष नुसतंच 'मी ठीक आहे' आणि तारीख. तेवढ्यावरही तिचा दिवस निभायचा.

ती इंटरनेटवर मशीनं भाड्याने देणाऱ्या क्लाउड कंपनीत तक्रारी ऐकायला बसायची, म्हणून काय झालंय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"दादाने कंपनीचं एक मशीन भाड्याने घेतलंय," ती म्हणाली. "मशीन घेतलं की कंपनी आपल्या साठ्यातला एक नंबर त्याला देते. मशीन रीस्टार्ट केलं तर नंबर तोच राहतो. पण पूर्ण बंद केलं की नंबर साठ्यात परत जातो, आणि मग ज्याचं नशीब त्याला मिळतो. आता तो पडदेवाल्याला मिळालाय."

"आणि परत चालू केलं तर?"

"दुसराच नंबर मिळतो."

"आमच्याकडे नव्हतं असं." बाबांची तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. "अख्खं एक्सचेंज बंद करून चालू केलं तरी नंबर ज्याचा त्याचाच."

"तुमच्या वेळचं सोडा हो!"

एरवी या वाक्यावर दोघं हसले असते. रिटायर झाल्यावर बाबांनी हौसेने संगणकाचा क्लास लावला होता. कोंबडी दाणे टिपते तसं दोन बोटांनी टाइप करायचे, आणि चिंगीची हसून पुरेवाट व्हायची. आज बाबा फ्रिजकडे बघत राहिले. तिथे त्यांनीच लिहिलेला गॅसवाल्याचा नंबर होता. प्रत्येक इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. एक आणि सातात घोळ नको, ही एक्सचेंजमधली सवय.

"नंबर कायमचा राखून ठेवता येत नाही का?"

"येतो. पण दादा म्हणाला होता, मी मशीन बंद करणारच नाही, तर राखायचा कशाला?" ती उठली. "त्याला हे सगळं पाठ आहे, बाबा. त्यानेच मला शिकवलं. तो चुकूनही मशीन बंद करणार नाही. म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी बंद केलं. म्हणजे तो..."

ती बॅगेत कपडे कोंबू लागली.

"कुठे निघालीस?"

"त्याच्या खोलीवर. दुपारची गाडी आहे."

"नको जाऊस."

"का नको? तुम्हाला काय त्याचं! दीड वर्षापूर्वी तुमचे दोस्त आजारी होते, तेव्हा चार दिवस त्याच शहरात राहून आलात. तेव्हा तरी त्याचं दार वाजवलंत का?"

बाबा आत गेले. कपाटाचं दार वाजलं, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाचा कपटा होता.

"हा नंबर लावून बघ."

तिने चरफडत आकडे टाइप केले. पान उघडलं.

'मी ठीक आहे.' खाली आजची तारीख.

चिंगीच्या जिवात जीव आला. ती रडत रडत हसायला लागली. "दादाने तुम्हाला फोन केला? तुम्हाला? आणि मला सांगितलंही नाहीत?"

कपटा छातीशी धरायला म्हणून तिने उचलला, आणि तिची नजर आकड्यांवर गेली. दोन सात होते. दोन्हींच्या पोटात आडवी रेघ.

बाबा तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसले.

"काल रात्री तारीख बदलेना गं," ते म्हणाले. "मला वाटलं, बंद करून चालू केलं की होईल."