निम्म्या गोळ्या

डॉक्टरीणबाई रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या, तसा शिंप्याचा जीव वरखाली होऊ लागला. बोटांना चाळा म्हणून त्याने स्वतःच्याच शर्टाचं बटण पिळून सैल केलं. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तो खेकसला असता. शेजारी बायको मांडीवर पिशवी धरून गप्प बसली होती.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या.

"सुटलो!" शिंपी उठायलाच निघाला.

"बसा हो. अजून नाही, एवढंच म्हणतेय. पोटातला जंतू तसाच आहे. तो वर्षानुवर्षं आत सूज धरून ठेवतो, अस्तर झिजत जातं, मग पेशी बदलायला लागतात. तुमच्या बदलायला लागल्यात. असंच चाललं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तर दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. सगळ्या घेतल्यात ना?"

"घेतल्या की!"

"मग ते औषध तुम्हाला लागू पडत नाही. बदलायला हवं."

बाई लिहू लागल्या. शिंपी त्यांच्या पेनाकडे बघत राहिला. थाप तर मारून झाली होती, आता कोणत्या तोंडाने मागे घ्यायची?

"निम्म्या मी घेतल्या," बायको म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं.

"मलाही तसंच जळजळायचं. यांनी कात्रीने पाकिटं मधोमध कापली. निम्मी यांना, निम्मी मला."

"कापड आहे का ते, दोघांत बसवायला?" बाई भडकल्या. "अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, निगरगट्ट होतो!"

"आमचं मशीनही एकच आहे, बाई," शिंपी खाली मान घालून म्हणाला. "आजवर सगळं वाटूनच घेतलं. एकट्याने बरं व्हायला मन होईना."

बाईंनी खुर्ची बायकोकडे वळवली.

"तुमची तपासणी कधी केली होती?"

"माझी कशाला? दुखणं यांचं."

"जेवण जातं?"

"दोन घासांत पोट भरतं."

"वजन उतरलंय?"

"कामाच्या रगाड्यात वजन कोण करतंय?" बायको हसली.

शिंप्याने झटकन मान वर केली.

"उतरलंय," तो म्हणाला. "यंदा हिचे कपडे तीनदा कमरेत आत घेतलेत. मीच घेतलेत, बाई. आणि दर वेळी हिला म्हणालो, झकास दिसतेस."